ट्रॅक्टरचे इंजिन का तापते? – कारणे, परीक्षा व उपाय

शेतीच्या मशागतीत व मळणीत ट्रॅक्टरने बैलांची जागा पुष्कळ अंशी घेतली आहे. बैल दमला म्हणजे धापा टाकतो, पाय ओढू लागतो, आणि मालकाच्या ते तत्काळ ध्यानी येते. ट्रॅक्टरचे तसे नाही. त्याचे इंजिन तापले तरी ते काही काळ निमूटपणे काम करीत राहते. त्याची तक्रार सांगणारा तापमापकाचा लहानसा काटा चालकाने पाहिला नाही, तर सिलिंडरचे हेड वाकणे, गॅस्केट जळणे, पिस्टन सिलिंडरमध्ये अडकणे असे प्रकार घडतात. हे नुकसान बहुधा ऐन हंगामात होते, कारण इंजिनावर भार त्याच वेळी अधिक असतो. परतीच्या पावसाचे ढग जमले असता खळ्यावर सोयाबीन पडून आणि ट्रॅक्टर दुरुस्तीस गेलेला, ही स्थिती शेतकऱ्यास दुरुस्तीच्या खर्चापेक्षाही महाग पडते.

इंजिन तापण्याचे कारण पुष्कळ वेळा धूळ, भुसा, ढिला पट्टा किंवा कमी झालेले पाणी यांपैकीच एखादे असते. यास्तव साध्या व बिनखर्चाच्या परीक्षा प्रथम आणि खोल-खाप नंतर, हा क्रम प्रत्येक चालकाने पाळावा. तो क्रम या लेखात दिला आहे.

उष्णता कोठे जाते?

डिझेलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी साधारण तिसरा हिस्सा प्रत्यक्ष कामी येतो. दुसरा मोठा हिस्सा धुराबरोबर निघून जातो आणि चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी उष्णता इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यास काढून न्यावी लागते. एक लिटर डिझेल जळाले म्हणजे पाण्याकडे येणारी ही उष्णता सुमारे ३० लिटर पाणी ३० अंश सेल्सिअसपासून उकळीपर्यंत नेण्यास पुरेशी असते. ताशी ५ लिटर डिझेल खाणारा ट्रॅक्टर दर तासाला जणू दीडशे लिटर पाणी उकळीस आणीत असतो. एवढी उष्णता रेडिएटरमधील थोड्याशा पाण्याने हवेत सोडावयाची असते. या कामात कोठेही अडथळा आला की काही मिनिटांतच काटा चढू लागतो, हे यावरून लक्षात येईल.

उष्णतेचा मार्ग असा आहे. सिलिंडरच्या भिंतीतून ती पाण्यात येते. वॉटर पंप ते पाणी फिरवितो. गरम पाणी वरच्या होज पाईपने रेडिएटरमध्ये येते व बारीक नळ्यांतून खाली उतरते. नळ्यांना जोडलेल्या पातळ पत्र्यांच्या जाळीतून पंखा हवा ओढतो आणि ती हवा उष्णता घेऊन जाते. निवलेले पाणी खालच्या होज पाईपने पुन्हा इंजिनात शिरते. वाटेत थर्मोस्टॅट नावाची झडप असते. पाणी सुमारे ८० अंशांपर्यंत तापल्यावर ती उघडू लागते, तोपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही.

काटा लाल पट्ट्यात गेल्यास

प्रथम भार काढावा. नांगर किंवा रोटाव्हेटर उचलावा, पी.टी.ओ. बंद करावा व ट्रॅक्टर सावलीत किंवा मोकळ्या हवेत उभा करावा. पंख्याचा पट्टा शाबूत असेल व पाणी बाहेर पडत नसेल, तर इंजिन एकदम बंद करू नये. तीन ते पाच मिनिटे ते विनाभार, मंद गतीपेक्षा किंचित अधिक गतीने चालू ठेवावे. पंप व पंखा चालू राहिल्याने साठलेली उष्णता निघून जाते आणि काटा उतरू लागतो. मात्र पट्टा तुटला असेल, वाफेचे लोट येत असतील, तेलाच्या दाबाचा दिवा लागला असेल किंवा काटा उतरतच नसेल, तर इंजिन त्वरित बंद करावे.

रेडिएटरचे झाकण गरम असताना कदापि उघडू नये. हे झाकण आतील पाणी दाबाखाली ठेवते. दर चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोग्रॅम जादा दाब असला तर पाणी १०० ऐवजी सुमारे १११ अंशांवर उकळते. झाकण काढताच तो दाब नाहीसा होतो आणि उकळीच्या वर तापलेले पाणी क्षणात वाफ होऊन चालकाच्या तोंडावर व छातीवर उडते. निदान अर्धा तास थांबावे. नंतर जाड गोणपाट झाकणावर ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवावे, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी आणि मगच काढावे.

तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतल्यास बिडाचे हेड तडकते. इंजिन पुरेसे निवल्यावर ते मंद गतीने चालू ठेवून पाणी थोडे थोडे घालावे.

कारण शोधण्याचा क्रम

१) पाण्याची पातळी – ही रोज सकाळी, थंड इंजिनात पाहावी. पातळी रोज घटत असेल तर होज पाईपांचे जोड, रेडिएटरचा तळ, निचऱ्याची तोटी व वॉटर पंपाच्या खालील लहान छिद्र पाहावे. पंपाच्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल तर पंपाचे सील गेले असे समजावे. झाकणाचे रबर कडक झाले किंवा स्प्रिंग मऊ पडली, तरीही पाणी ओव्हरफ्लो नळीवाटे निघून जाते. अशा वेळी केवळ झाकण बदलून काम भागते.

२) रेडिएटरची जाळी – मळणीच्या वेळी ट्रॅक्टर जागेवर उभा असतो आणि पंखा आजूबाजूचा भुसा ओढून घेतो. पुढील जाळीवर भुशाचा थर बसला की हवेची वाट बंद होते. म्हणून ट्रॅक्टर उभा करताना वारा भुसा ट्रॅक्टरपासून दूर नेईल अशी दिशा निवडावी आणि मळणी चालू असताना दर दोन तासांनी थांबून पुढील जाळी झाडावी. रेडिएटर साफ करताना हवेचा किंवा पाण्याचा झोत पंख्याच्या बाजूकडून पुढे मारावा. पुढून मारल्यास कचरा अधिकच आत घुसतो. झोत सौम्य असावा, अन्यथा पातळ पत्रे वाकून वाट कायमची बंद होते. तारेने टोचणे टाळावे. हे काम इंजिन थंड असतानाच करावे.

३) पंख्याचा पट्टा – इंजिन बंद करून किल्ली काढून घ्यावी व पट्ट्याच्या मधोमध अंगठ्याने दाबून पाहावे. तो साधारण १२ ते १५ मिलिमीटर दबावा, अचूक माप यंत्राच्या पुस्तिकेत असते. पट्टा ढिला असल्यास घसरतो व पंखा आणि पंप दोन्ही मंदावतात. अति ताणलेला पट्टा पंपाचे बेअरिंग खातो. पंख्याभोवतीचे पत्र्याचे कवच काढून टाकू नये. हवा जाळीतूनच ओढली जावी म्हणून ते बसविलेले असते.

४) होज पाईप – फुगलेले, भेगाळलेले किंवा तेलाने मऊ झालेले पाईप बदलावेत. खालचा पाईप मऊ पडला असल्यास इंजिनाची गती वाढविताच पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. उभा ट्रॅक्टर ठीक चालतो आणि गती वाढताच तापतो, अशा तक्रारीत हा पाईप अवश्य पाहावा.

५) थर्मोस्टॅट – इंजिन तापले असूनही वरचा होज पाईप थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला किंवा पंप पाणी फिरवीत नाही असे अनुमान करावे. हात लावताना पंख्यापासून सावध राहावे. थर्मोस्टॅट काढून भांड्यातील पाण्यात टांगावा व पाणी तापवावे. उकळी येईपर्यंतही झडप उघडली नाही तर तो निकामी समजावा.

६) रेडिएटरच्या नळ्या – बाहेरून जाळी स्वच्छ, पट्टा ताठ, पाणी पुरेसे आणि तरीही भार पडताच इंजिन तापते, अशा वेळी नळ्या आतून क्षाराने किंवा गंजाने भरल्या असण्याचा संभव असतो. जाळीचा काही भाग गरम आणि काही थंड लागल्यास हा संशय बळावतो. हे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे.

७) हेड गॅस्केट – पाणी घटते पण बाहेर कोठेही गळत नाही, चालू इंजिनात रेडिएटरच्या पाण्यात सतत बुडबुडे येतात, सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघत राहते, किंवा इंजिनाचे तेल ताकासारखे पांढुरके झाले आहे, यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास ट्रॅक्टर पुढे चालवू नये. तेलात पाणी मिसळल्यास बेअरिंगे थोड्याच वेळात खराब होतात.

यांशिवाय इंजिनाचे तेल कमी असणे, नांगर अति खोल लावणे, चढता गिअर वापरून इंजिन दाबून चालविणे, यांमुळेही ताप वाढतो. काळा धूर निघू लागला म्हणजे भार झेपत नाही असे समजून खालचा गिअर घ्यावा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची घातक प्रथा

“इंजिन तापते तर थर्मोस्टॅटच काढून टाका,” असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. हा सल्ला मानू नये. थर्मोस्टॅट नसल्यास इंजिन योग्य तापमानास पोचण्यास फार वेळ लागतो. थंड इंजिनात डिझेल पूर्ण जळत नाही, न जळलेले डिझेल भिंतीवरून उतरून तेल पातळ करते आणि लायनर व रिंगा लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर बरेचसे पाणी रेडिएटरला वळसा घालूनच परत जाते आणि ताप उलट वाढतो. शिवाय मूळ दोष जागच्या जागीच राहतो. निकामी थर्मोस्टॅट काढल्यावर त्याच मापाचा नवा बसवावा.

पाणी कोणते घालावे?

अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट असते. अन्य अनेक गावांतही ते जड असते. असे पाणी तापले की क्षाराचा थर नळ्यांत व सिलिंडरभोवती बसतो. हा थर बिडाच्या मानाने फारच कमी उष्णता वाहून नेतो, आणि खारट पाण्याने गंजही लवकर चढतो. उकळून, निवळून, गाळलेल्या पाण्यातील जडपणा काही अंशी कमी होतो, परंतु खारटपणा जात नाही. म्हणून बॅटरीसाठी मिळणारे शुद्ध पाणी किंवा स्वच्छ भांड्यात धरलेले पावसाचे पाणी वापरावे.

कूलंट वापरल्यास गंज व थर यांना आळा बसतो आणि उकळबिंदूही वाढतो. कूलंट व शुद्ध पाणी यांचे सामान्य प्रमाण निम्मे-निम्मे असते. तयार मिश्रण विकत घेतले असल्यास त्यात पाणी घालू नये. नुसते कूलंट ओतल्यास उष्णता कमी वाहून नेली जाते, म्हणून “अधिक ते चांगले” हा समज चुकीचा आहे. सामान्य कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल हे विष असून चवीस गोड लागते. ते मुलांपासून, गुरांपासून व कुत्र्यांपासून दूर ठेवावे. काढलेले कूलंट गटारात, नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये.

वातानुकूलित कक्ष असलेली यंत्रे

काही हार्वेस्टर व मोठ्या ट्रॅक्टरांवर चालकासाठी वातानुकूलित कक्ष असतो. या यंत्रणेने कक्षातून काढलेली उष्णता कंडेन्सर नावाच्या दुसऱ्या जाळीतून हवेत सोडली जाते आणि ही जाळी बहुधा रेडिएटरच्या पुढेच असते. दोन जाळ्यांच्या मधल्या फटीत भुसा साठतो. पुढून पाहता सारे स्वच्छ दिसते, परंतु कक्षातील गारवा कमी होतो आणि इंजिनाचा काटाही चढतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी आल्यास प्रथम ही फट साफ करावी. गारवा कमी, पण इंजिनाचा ताप नेहमीचाच असेल, तर कक्षाची हवा गाळणारे फिल्टर व कॉम्प्रेसरचा पट्टा पाहावा. नळ्यांच्या जोडावर तेलकट डाग दिसल्यास वायू गळत असल्याचा संशय घ्यावा. हा वायू दाबाखाली असतो व त्वचेवर उडाल्यास ती गोठते, म्हणून जोड स्वतः सैल करू नयेत. उन्हात काम चालू असता काटा चढू लागला, तर वातानुकूलन बंद करावे. त्यामुळे इंजिनावरील भार व जाळीपुढील उष्णता दोन्ही कमी होतात.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांसाठी

उन्हाळी नांगरटीपूर्वी आणि सोयाबीन व गहू-हरभऱ्याच्या मळणीपूर्वी गावातील ट्रॅक्टरचालकांना एकत्र बोलावून एका थंड ट्रॅक्टरवर पाणी, जाळी, पट्टा, पाईप व झाकण या पाच गोष्टींची तपासणी करून दाखवावी. त्यानंतर प्रत्येक चालकाकडून ती करवून घ्यावी. भाड्याने ट्रॅक्टर चालविणाऱ्या तरुणांना या प्रात्यक्षिकास आवर्जून बोलवावे, कारण काट्याकडे पाहणारा डोळा मालकाचा नसून त्यांचा असतो. या पाच गोष्टी पाहण्यास सकाळची दहा मिनिटे लागतात. तेवढी दिल्यास मळणीचा दिवस वाया जाण्याचे बरेचसे प्रसंग टळतील आणि गरम वाफेने भाजण्याच्या दुर्घटनाही टळतील.