कायद्याचं नाव बदललं, जुना आदेश चालेल का?

प्रश्न : आजोबांना कुळ म्हणून मिळालेल्या जमिनीच्या कलम 32-ग च्या आदेशावर ‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, 1948’ लिहिलंय. आता सगळीकडे ‘महाराष्ट्र’ असं नाव दिसतं. आदेश दुरुस्त करून घ्यावा लागेल का?

उत्तर : मुळीच नाही. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका. महाराष्ट्र राज्य 1 मे 1960 ला झालं, पण मुंबई राज्याच्या काळातल्या अनेक कायद्यांच्या नावात ‘मुंबई’ तशीच राहिली. विधिमंडळाने 2012 च्या अधिनियम क्रमांक 24 ने ती बदलली, तीही 1 मे 1960 पासूनच बदलली असं मानून. कायदा तोच, कलमं तीच, 1948 चा क्रमांक 67 हाही तोच. अर्जात नवं नाव लिहा आणि जुन्या आदेशाचा क्रमांक व तारीख जशीच्या तशी उतरवा. मराठवाड्यातल्या जमिनींचा हैदराबाद कुळकायदा, 1950 मात्र वेगळा. त्याच्याशी गल्लत नको.

भारतीय दंडसंहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेची गोष्ट निराळी आहे. तिथे नुसती पाटी बदलली नाही, दंडसंहिताच रद्द झाली आणि कलमांचे क्रमांकही बदलले. खुनाची शिक्षा कलम 302 मध्ये होती, ती आता 103 मध्ये आहे. तरीही नवी संहिता लागू होण्यापूर्वी, म्हणजे 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, मग फिर्याद नंतर का नोंदवलेली असेना.