चित्र वाचले की अक्षर?

लहान मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून बाजारात रंगीत फ्लॅशकार्डांचे संच मिळतात. एका कार्डावर मोठा ‘क’ व खाली कमळ, दुसऱ्यावर ‘ख’ व खाली खटारा. दिवाळीच्या सुटीत असाच एक संच मी नांदेडहून अहमदपूर तालुक्यातील आमच्या गावी भाचीसाठी नेला. पोर पाच वर्षांची. आठ दिवसांत सारी कार्डे तोंडपाठ! घरात कौतुक झाले. मग मी सहज कमळावर अंगठा ठेवून विचारले, तर ती गप्प. ती अक्षर वाचतच नव्हती, चित्र ओळखत होती.

शिवाय ‘ऐ’ची ऐरण तिने कधी पाहिलेली नाही. ‘औ’साठी औषधाची बाटली, आणि आमच्या दारात तर औत उभे! ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी मराठी शब्द सुरूच होत नाही. म्हणून बाण व बाळ काढतात. मूल ‘बा’ म्हणाले तर त्याला चूक कसे म्हणावे?

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी बालवाडीचे काम सुरू केले, तेव्हा महागडी साधने न आणता खडे, शिंपले, बिया, पाने यांतूनच साधने घडविली. मीही मग जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे भाग कापले. पुढे फक्त अक्षर, मागे चित्र. अक्षरावर डिंक लावून वाळू भुरभुरली, म्हणजे बोटानेही ते गिरवता येते. ही युक्ती माँटेसोरीबाईंच्या खरकागदी अक्षरांची.

चित्र मागे गेल्याने एक लाभ असा झाला, की जो मला आधी सुचलाही नव्हता. आमच्या आजीला अक्षर येत नाही. पण भाची ‘ग’ म्हणाली की आजी कार्ड उलटते, गवत पाहते आणि ‘बरोबर’ म्हणते! मी नांदेडला परतल्यावर रोजचा पाठ घेणारे माणूस घरातच मिळाले. मात्र रोज चारच कार्डे, आणि कंटाळा दिसताच बंद, एवढे आजीला बजावून ठेवले.

क्रम जुनाच घेतला, ग म भ न. यांतून शब्द लवकर जुळतात. संक्रांतीला गेलो तेव्हा भाचीने ‘न’ आणि ‘ग’ शेजारी ठेवून वाचले व खो खो हसत सुटली. आमच्याकडे ‘नको’ला ‘नगं’ म्हणतात. मी पुढचे कार्ड काढले, तर तिने तीच दोन माझ्यासमोर धरली.