कूलरसाठी पाण्याचा अलार्म: घरी बनवा, पण किंमत नीट काढून विका



नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागात एप्रिल-मे म्हणजे कूलरशिवाय झोप नाही. पारा ४५ च्या वर जातो, हवा कोरडी असते, म्हणून तिथे कूलर मस्त चालतो. पण त्याच कोरड्या हवेमुळे टाकीतलं पाणीही झपाट्याने उडून जातं. रात्री सगळे झोपेत, टाकी रिकामी आणि पंप कोरडाच फिरतोय! टाकीतला पंप भोवतीच्या पाण्यानेच थंड राहतो. पाणी संपलं की तो तापतो आणि शेवटी जळतो.

ही अडचण म्हणजे आपल्यासाठी एक छोटं प्रॉडक्ट आहे. पाणी कमी झालं की वाजणारा अलार्म. व्हिडिओत जोडकाम पाहिलंत, आता ते शांतपणे वाचून घ्या.

सामान काय लागेल?

- बीसी ५४७ ट्रान्झिस्टर: २
- १ मेगाओहम रेझिस्टर: १
- बॅटरी जोडली की आपोआप वाजणारा छोटा बझर: १
- ९ व्होल्टची बॅटरी, तिची क्लिप आणि एक छोटा स्विच
- स्टेनलेस स्टीलच्या दोन बारीक सळ्या
- दोन पदरी वायर आणि झाकणाचा प्लास्टिक डबा

सळ्या स्टीलच्याच घ्या. तांबं किंवा साधं लोखंड पाण्यात लवकर खराब होतं.

जोडणी कशी करायची?

ट्रान्झिस्टरची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरा. डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर.

१. बझरची प्लस वायर स्विचमधून बॅटरीच्या प्लसला जोडा.
२. बझरची मायनस वायर दोन्ही ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडा.
३. पहिल्याचा एमिटर दुसऱ्याच्या बेसला, आणि दुसऱ्याचा एमिटर बॅटरीच्या मायनसला.
४. रेझिस्टरचं एक टोक पहिल्याच्या बेसला, दुसरं टोक स्विचनंतरच्या प्लसला.
५. एक सळी पहिल्याच्या बेसला, दुसरी सळी बॅटरीच्या मायनसला.

आता हे चालतं कसं ते समजून घ्या. सळ्या पाण्यात असतात तेव्हा रेझिस्टरमधून येणारा करंट पाण्यातून सरळ मायनसला निघून जातो. ट्रान्झिस्टरला काही मिळत नाही, बझर गप्प. पाणी खाली गेलं की तो रस्ता तुटतो, करंट बेसमध्ये शिरतो आणि बझर वाजतो. गप्प असताना हिशोब बघा: ९ व्होल्ट भागिले १० लाख ओहम, म्हणजे फक्त ९ मायक्रोअँपिअर. त्यामुळे बॅटरी जवळजवळ खर्चच होत नाही.

पाणी असताना गप्प आणि नसताना वाजणारा, अशीच जोडणी मुद्दाम घेतली आहे. का? समजा उंदराने वायर कुरतडली किंवा सळी निसटली. तरीही अलार्म वाजेल! बिघाड झाला तर वस्तूने ओरडून सांगितलं पाहिजे. गुपचूप बंद पडणारा अलार्म ग्राहकाला खोटा भरवसा देतो, आणि पंप जळला की नाव तुमचंच खराब होतं. पण बॅटरी संपली तर तो गप्प राहील. म्हणून ग्राहकाला सांगा, आठवड्यातून एकदा सळ्या बाहेर काढून बघा, वाजला पाहिजे.

बसवताना

सळ्या एकमेकींपासून साधारण एक सेंटिमीटर अंतरावर, पीव्हीसीच्या तुकड्यात घट्ट बसवून वरून टाकीत सोडा. खालची टोकं पंपाच्या जाळीपेक्षा एक इंच वर ठेवा. म्हणजे अलार्म वाजल्यावर पाणी भरायला वेळ मिळतो. ताट्यांमधून गळणारं पाणी सळ्यांवर पडणार नाही अशी जागा निवडा. पाणी जड असेल तर सळ्यांवर पांढरा थर बसतो, तो अधूनमधून घासून काढावा लागतो.

एक गोष्ट कधीच करू नका. हे सर्किट घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनला जोडू नका. पंपाला करंट उतरला असेल तर टाकीतलं पाणीसुद्धा जीव घेऊ शकतं. सळ्या बसवताना, साफ करताना, पाणी भरताना आधी कूलरचा प्लग काढायचा. ही सूचना मराठीत छापून प्रत्येक डब्यावर चिकटवा.

आता धंद्याचं गणित

पुढचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बाजारातले भाव टाका.

- सामान: ९० रुपये
- ४० मिनिटांची मजुरी, ताशी १५० रुपयांनी: १०० रुपये
- पॅकिंग आणि लेबल: १५ रुपये
- बदलून द्याव्या लागणाऱ्या नगांसाठी राखीव: २० रुपये

एकूण २२५ रुपये. नवीन माणूस काय करतो? फक्त ९० धरतो, १५० ला विकतो आणि ६० रुपये सुटले म्हणून खूश होतो. खरं तर त्याने प्रत्येक नगामागे ७५ रुपये गमावले!

३०० ला विकला तर ७५ उरतात. दुकानदाराने त्यातले ५० घेतले तर तुमच्या हातात उरले २५. म्हणून एकटा अलार्म दुकानात ठेवण्यापेक्षा कूलर सर्व्हिसिंगसोबत द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये लोक ताट्या बदलतात, टाकी साफ करून घेतात. तेव्हा कारागीर घरी आलेलाच असतो आणि कूलर उघडलेलाच असतो. तिथेच बसवून, वाजवून दाखवा. आणि बाजार बघून माल बनवा. कोकणातल्या दमट हवेत कूलरच नीट गारवा देत नाही, तिथे हा अलार्म कोण घेणार?

या आठवड्याचा गृहपाठ

एकदम ५० नग बनवू नका. पाच बनवा. ओळखीच्या पाच घरी बसवा आणि १५ दिवस वहीत नोंद ठेवा: कधी वाजला, विनाकारण वाजला का, पाणी संपूनही गप्प राहिला का. शेवटच्या रकान्यात एक जरी खूण आली, तरी विक्री थांबवा आणि आधी कारण शोधा. पाचही घरांत तो रकाना कोरा राहिला, की मगच सहावा नग पैसे घेऊन विका.