पोस्टरवर तळं काढ

चि. सई,


पोस्टरच्या कच्च्या आराखड्याचा फोटो मिळाला. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनाला, ते शाळेत लागायचं आहे, म्हणून उत्तर लगेच लिहिते.

आधी एक तातडीची दुरुस्ती. तिरंग्याच्या पांढऱ्या पट्ट्यात तू ‘कायद्याचा आदर करा’ असं लिहिलं आहेस. ते खोडून टाक. राष्ट्रध्वजावर मजकूर लिहिणं हा १९७१ च्या कायद्याप्रमाणे ध्वजाचा अवमान ठरतो. कायदा पाळा असं सांगणाऱ्या चित्रात तरी तो मोडू नये.

आता चित्राबद्दल. एकाच कागदावर तराजू, डोळ्यांना पट्टी बांधलेली न्यायदेवता, बाबासाहेब, ध्वज आणि कोपऱ्यात बेड्या. एवढ्या गर्दीत बघणाऱ्याची नजर कुठेच ठरत नाही. (न्यायदेवता काढायचीच असेल तर हे लक्षात ठेव : सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयात बसवलेल्या नव्या मूर्तीचे डोळे उघडे आहेत आणि तिच्या हातात तलवारीऐवजी संविधान आहे.) बेड्या मात्र मला फार खटकल्या. निव्वळ दंडाच्या भीतीने सिग्नलला थांबणारा माणूस हवालदार दिसला नाही की गाडी दामटतो. त्याला आदर म्हणत नाहीत, सई.

माझं ऐकशील तर एकच प्रसंग घे, महाडच्या चवदार तळ्याचा. तो तुला माहीत आहे, पण त्याचा उत्तरार्ध बहुतेक वेळा घाईत उरकला जातो आणि तुझ्या पोस्टरला नेमका तोच हवा आहे.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. पुढच्याच वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. हक्क कागदावर आला, पण गावचा धाक असा की तिथलं ओंजळभर पाणी घेणं शक्य नव्हतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याचं ‘शुद्धीकरण’ झालं, नगरपालिकेनेही आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. तळं खाजगी मालकीचं आहे असा दावा लावून विरोधकांनी कोर्टाचा तात्पुरता मनाईहुकूम मिळवला. तरीही हजारो माणसं महाडात जमली होती, चिडलेली आणि हटायला तयार नसलेली. बाबासाहेबांनी त्यांना समजावलं, सत्याग्रह तहकूब केला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परत फिरली. पाण्याला कुणी हात लावला नाही. मग कोर्टात झुंज सुरू झाली ती जवळजवळ दहा वर्षं चालली आणि १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला.

कायद्याचा आदर म्हणतात तो हा. अन्यायापुढे मान तुकवली नाही आणि कोर्टाचा हुकूमही मोडला नाही. यातलं दुसरं पहिल्याइतकंच अवघड होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणि पुढे संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले ते हेच बाबासाहेब. अनुच्छेद १५ काढून वाच. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणालाही जिथे अडवता येणार नाही अशा जागांची त्यात यादी आहे, आणि त्या यादीत विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आहेत. तळ्याची हकिकत डोळ्यांसमोर ठेवून ती यादी वाचलीस की अंगावर काटा येतो. दोनच अनुच्छेद पुढे, सतराव्यात, अस्पृश्यता नष्ट केली आहे.

तेव्हा कार्डशीटवर दगडी पायऱ्या काढ, त्यांच्याखाली पाणी, आणि पाण्यावर एक भरलेली ओंजळ, मोठी, अर्धा कागद व्यापणारी. चेहरा नको, म्हणजे ती ओंजळ कुणाचीही होऊ शकेल. पाण्याला पोस्टर कलरचा पातळ हात दे, पायऱ्या दाट ठेव. खाली एकच ओळ : ‘अनुच्छेद १५ : तळं सगळ्यांचं’. आधी पेन्सिलीने रेघा आख, शिरोरेषा वाकडी जाऊ देऊ नकोस. भिंतीला टेकवून दहा फुटांवरून वाच. वाचता आलं नाही तर अक्षर वाढव. चारही बाजूंना कागद कोरा सोड.

रंगवायला बसण्याआधी एक काम कर. तुमच्या भागात कुणासाठी वेगळा पेला, वेगळी पंगत, वेगळा नळ पूर्वी होता का, आज आहे का, हे आजीला आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचार. जे ऐकशील ते पोस्टरवर लिहू नकोस, पण वहीत जरूर टिपून ठेव. शाळेत कुणी म्हणालं की हा विषय वादाचा आहे, तर चिडू नकोस. अनुच्छेद १५ वहीत उतरवून ने आणि शांतपणे वाचून दाखव. नवा आराखडा रविवारपर्यंत पाठव.

तुझी,
आत्या