उंच गाडी आणि ओझ्याचा हिशेब

धुळे,
वैशाख

चिरंजीव श्रीकांत यास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. जळगावात कृषी सेवा केंद्राचे बस्तान नीट बसले, वहिनींना तपासणीसाठी वरचेवर धुळ्यास आणावे लागते, आणि लग्नसराईत तर सारे घरच गाडीत घालून चोपड्या-यावलाकडे निघावे लागते, असा सगळा तपशील देऊन तू मोटार घेण्याचा मनोदय कळविला आहेस. मोटार ही तुझ्या बाबतीत चैन नव्हे, हे मला मान्य आहे. परंतु डिझायरसारखी डिकीची गाडी घ्यावी की ब्रेझा, नेक्सॉन, क्रेटा यांच्या पंक्तीतली उंच क्रॉसओव्हर घ्यावी असा प्रश्न विचारून तूच पुढे ‘ओझे वाहायचे म्हणजे उंच गाडीच हवी’ असा निकालही देऊन टाकला आहेस, आणि त्या निकालाविरुद्ध अपील दाखल करण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

ज्या गाडीचे नाक उंच, चाके थोर आणि बैठक रस्त्यापासून वर, ती गाडी बळकट असलीच पाहिजे, हा समज आपल्या खान्देशात उगाच रूढ झालेला नाही. कारण आपण बलवान म्हणून जी वाहने पाहिली ती खरोखरीच तशी होती. 1994 साली आलेली सुमो, 2000 सालची बोलेरो, आणि गावोगाव माणसे कोंबून धावणाऱ्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्या या सर्वांखाली लोखंडी चासीची स्वतंत्र चौकट होती, आणि मागची चाके बहुधा पोलादी पाट्यांवर टेकलेली असत. आजची क्रॉसओव्हर त्या कुळातली नव्हे. तिची घडण मोटारकारचीच आहे: देह आणि सांगाडा एकच, इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना, आणि पाट्यांऐवजी गुंडाळीच्या स्प्रिंगा. कारलाच जमिनीपासून थोडी उचलून, छत वाढवून आणि पोशाख बदलून ती उभी केलेली असते. यात निंदेचे काही नाही. पण उंचीमुळे तिला भारवाहकाची सनद मिळाली असे मात्र समजू नकोस.

याचा पुरावा पाहा. 2017 सालच्या डिझायरची डिकी 378 लिटरची होती आणि तिच्याहून उंच दिसणाऱ्या ब्रेझाची 328 लिटरची. सात माणसांची म्हणून नावाजलेल्या अर्टिगात तिसरी रांग उभी असताना मागे उरतात अवघे 209 लिटर, म्हणजे सात पाहुणे बसले की त्यांच्या बॅगा आणि बिबड्यांचे डबे कोणाच्या तरी मांडीवरच जावयाचे. त्यात सीएनजीची टाकी असेल तर डिकीचा मोठा हिस्सा तीच गिळते, आणि ती स्वतः एका माणसाइतकी वजनदार असते ती वेगळीच.

पण जागा ही दुय्यम बाब. मुख्य मोजदाद वजनाची. गाडीचे रिकामे वजन नोंदणीपत्रात असते आणि एकूण भारित वजनाची मर्यादा उत्पादकाच्या माहितीपत्रकात. या दोहोंतील अंतर हीच तुझी खरी शिल्लक, आणि लहान व मध्यम गाड्यांत, मग ती बुटकी असो वा उंच, ती पुष्कळदा 400 ते 450 किलोंच्या आसपासच भरते. प्रत्येकी 70 किलोची पाच माणसे बसली की त्यातले 350 खर्ची पडले. युरियाची गोणी 45 किलोची आणि डीएपीची 50 किलोची, हे तुला मी सांगावयास नको. तेव्हा घरची मंडळी आणि दुकानाचा माल एकाच फेरीत उरकण्याचा जो बेत तू आखला आहेस, तो कागदावरच नामंजूर होतो. गोण्यांसाठी छोटा हत्ती भाड्याने घे. 2005 पासून तो बिचारा त्याच कामासाठी बाजारात उभा आहे. शिवाय कीटकनाशकांचे खोके ज्या गाडीत गेले त्याच गाडीतून वहिनींना आणावे, हे मला वजनाचा प्रश्न नसता तरी पसंत पडले नसते.

आता ओझे कोठे ठेवावे हे. जड वस्तू तळाशी आणि मागच्या आसनाच्या पाठीला अगदी भिडवून ठेवावी. मागच्या आसाच्या पलीकडे, डिकीच्या दाराशी भार लोटला की तो तरफेप्रमाणे गाडीचे नाक उचलतो; मग सुकाणू हलके, काहीसे बेफिकीर भासू लागते, दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि ओढ पुढच्या चाकांत असल्यामुळे ओल्या चढावर नेमकी तीच चाके घसरू लागतात. जुनी अँबॅसडर भरल्यावर चढ अधिक विश्वासाने चढे, कारण तिची ओढ मागच्या चाकांत होती आणि बसलेल्या मंडळींचे वजन त्यांनाच रस्त्यावर दाबून धरी. त्या आठवणीच्या आधारे आजच्या गाडीकडून तशी अपेक्षा करणारे वडीलधारे तुला भेटतील, त्यांचे ऐकून घे, पण मागे माल रचू नकोस. झोत खाली करण्याची लहानशी कळ बहुतेक गाड्यांत सुकाणूच्या बाजूस असते, आणि ती कशासाठी आहे हे गाडीच्या मालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. डिकीच्या गाडीत सामान निदान आसनाच्या पाठीमागे बंदिस्त राहते. क्रॉसओव्हरमध्ये डिकी आणि बैठक यांच्यामध्ये खरी भिंत नसते, म्हणून आसनाच्या पाठीपेक्षा उंच रास केलीस तर जोराच्या ब्रेकसरशी ती मंडळींच्या मानेवर येईल. छतावर वजन घालणे तर शक्यतो टाळच. लहान गाड्यांच्या छताची मर्यादा सामान्यतः 50 ते 75 किलोंचीच असते, आणि मुळात उंच असलेल्या गाडीचा गुरुत्वमध्य आणखी वर नेणे म्हणजे वळणावर उलटण्याला आमंत्रण होय.

क्रॉसओव्हरचे गुण मी नाकारीत नाही. गावोगावचे गतिरोधक कोणत्याही नियमास न जुमानता बांधलेले असतात. पाच माणसांनी खाली बसलेली डिझायर त्यांच्यावर पोट घासते, तेथे क्रेटा वा नेक्सॉन निर्वेध पार होते. वहिनींचे गुडघे पाहता आसनाची उंचीही उपकारक ठरेल, आणि माझ्या मते तुझ्या निवडीचे सर्वांत सबळ कारण तेच आहे. मात्र उंच देह वळणावर कलू नये म्हणून अशा गाडीच्या स्प्रिंगा बऱ्याचदा ताठ ठेवलेल्या असतात. त्यामुळे तू एकटा पारोळ्याच्या बाजूने येशील तेव्हा, आपल्या काळ्या जमिनीच्या फुगण्या-आकसण्याने जेथे जेथे रस्त्याला लाटा आल्या आहेत तेथे, ती तुला नाचवील. आणि हीच गाडी भरल्यावर एखाद्या पोक्त गृहस्थासारखी शांत चालेल. डिकीच्या गाडीचे याच्या उलट: रिकामी असता सुखद, सुकाणूला तत्पर, भरल्यावर मागून बसकी आणि लाटेनंतर दोनदा झुलणारी. बाजूने मालमोटार सुसाटत गेली की उंच गाडीला वाऱ्याचा हिसका अधिक बसतो, हेही ध्यानात असू दे.

ब्रेकांविषयी मला सर्वांत अधिक लिहावयाचे होते. वेग 60 वरून 80 वर नेलास की गाडीच्या अंगातली गतिज शक्ती जवळजवळ पावणेदोन पट होते; त्यावर 400 किलोंची भर पडली की थांबविण्याचे काम ब्रेकांना किती जड जाते ते तूच ताड. कन्नडहून चाळीसगावकडे औट्रम घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून सबंध उतार उतरणारे लोक ब्रेकांचा करपट वास येईपर्यंत निश्चिंत असतात. ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर. इंजिनालाच गाडी आवरू दे, आणि ब्रेक मधूनमधून, पण ठामपणे लाव. ऑटोमॅटिक घेतलीस तर खालच्या गिअरला खिळवून ठेवण्याची सोय तिच्यात आहे की नाही हे आधी पाहा. 4 जुलै 2023 रोजी शिरपूर तालुक्यात पळासनेरला उतारावर अनावर झालेल्या कंटेनरने जो अनर्थ केला तो आपल्या जिल्ह्याने पाहिला आहे; ते वाहन फार मोठे होते, परंतु उताराचा कायदा लहान गाडीस निराळा नाही.

टायरांचे थोडक्यात सांगतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवर हवेच्या दाबाचे कोष्टक चिकटविलेले असते, आणि त्यात भरलेल्या गाडीसाठी बहुधा स्वतंत्र आकडे असतात. प्रवासाआधी, टायर थंड असताना, ते भर. टायरच्या कडेवर 91 हा भारांक असेल तर ते एक टायर 615 किलो पेलते, पण योग्य दाबाने भरलेले असेल तरच. जळगावच्या मे महिन्यात पारा 45 अंशांपलीकडे जातो. कमी हवेचे, ओझ्याने दबलेले टायर अशा दुपारी आतून तापत जाऊन भर रस्त्यात फुटते. म्हणून लांबचा भरला प्रवास पहाटे कर.

विक्रेत्याकडे जाशील तेव्हा तो त्याच्या एका माणसासह गुळगुळीत रस्त्यावर एक लहानशी चक्कर मारून आणील. ती चाचणी नव्हे. घरची चार माणसे सोबत ने, वहिनींना मागे बसव, डिकीत रोजचे सामान ठेव, आणि दोन्ही जातींच्या गाड्या एरंडोलपर्यंत चालवून आण. मोकळ्या जागी एकदा जोराने ब्रेक लाव, आणि परतताना वहिनींना विचार की कोणत्या गाडीतून उतरणे सोपे गेले. त्यांचे उत्तर मला कळव. दाराच्या चौकटीवरचे कोष्टकही उतरवून पाठव.

वहिनींस साष्टांग नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
काका