सुपे ते भिगवण : माळावरून संथ सायकलने

प्राचीन अरण्यातून सायकलने हिंडावे अशी हौस ज्यांच्या मनात असते, त्यांना बारामती आणि इंदापूर या तालुक्यांची शिफारस केली असता ते प्रथम हसतात. कारण ऊस, कालवा, साखर कारखाने आणि राजकारण यांपलीकडे या मुलखाची दुसरी काही ख्याती त्यांच्या कानी आलेली नसते. परंतु अरण्य म्हणजे घनदाट छाया आणि उंच वृक्ष ही कल्पना सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ज्यांनी पावले झिजविली त्यांची आहे. पर्जन्यच्छायेतील या प्रदेशात, जेथे वर्षाकाठी सुमारे पाचशे मिलिमीटरच पाऊस पडतो, तेथील जुने रान हे गवताचे आणि काट्यांचेच असावयाचे. जंगल तोडून माळ उरला, हा समज आपल्याकडे इतका रूढ आहे की या माळांवर झाडे लावण्याचे पुण्यकर्म अद्याप चालू असते. पण जुन्या मराठी वाङ्मयातील झाडाझुडपांचे उल्लेख तपासून संशोधकांनी अलीकडे दाखविले आहे, की पश्चिम महाराष्ट्रातील अशी माळराने निदान साडेसातशे वर्षांपासून माळरानेच आहेत. हे एकदा ध्यानी घेतले, म्हणजे हिवर, बाभूळ, खैर, बोर आणि तरवड यांच्याकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

प्रवासाचा आरंभ दौंडहून करावा. केडगावास उतरून चौफुल्यावरून सुप्यास येणे अंतराने सोयीचे खरे; परंतु लहान स्थानकावर गाडी क्षणभरच थांबते आणि सामानाचा डबा उघडेलच अशी शाश्वती नसते. सबब सायकल पार्सल कचेरीत रीतसर नोंदवून ती कोठे उतरविली जाईल याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी. सुपे हे शहाजीराजांच्या जहागिरीतील परगण्याचे ठिकाण. शिवाजीमहाराजांचे सावत्र मामा संभाजी मोहिते येथे अंमल करीत होते आणि महाराजांनी त्यांना हटवून हा परगणा आपल्या ताब्यात घेतला, एवढे मनाशी ठेवून गावाबाहेर पडावे; खरा मुक्काम पुढे आहे.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले. क्षेत्र अवघे पाच चौरस किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे अभयारण्य म्हणण्याजोगे मोठे मुळीच नव्हे. पण चिंकारा पाहावयाचा तर पहाटे येथेच यावे. आत सायकल नेता येते की नाही, हे नाक्यावर विचारून परवाना घ्यावा आणि नकार मिळाल्यास हुज्जत न घालता पायी जावे. चिंकारा माणसाला दुरूनच पाहतो, शेपटीचा काळा गोंडा झपाझप हलवितो आणि चार उड्यांत दिसेनासा होतो. त्याच्यामागे लागण्यापेक्षा बांधाशी स्वस्थ बसून राहिल्यास तो पुन्हा चरावयास येतो, असा या रानाचा शिरस्ता आहे. खोकड, लांडगा, धाविक, चंडोल आणि हिवाळ्यात परदेशांतून येणारे भोवत्या हे शिकारी पक्षी ही येथील इतर मंडळी.

बसल्या बसल्या पायमोजे न्याहाळावेत. आश्विनानंतर कुसळी गवताची कुसळे त्यांत शेकड्यांनी रुततात आणि वाटसरू त्यांना शिव्या देत बसतो. पण एक कुसळ काढून तळहातावर ठेवावे आणि त्यावर पाण्याचा थेंब टाकावा. पीळ पडलेली ती लांब शेपटी ओलावा लागताच हळूहळू उलगडत गोल फिरू लागते. रात्रीच्या दवाने उलगडणे आणि दिवसाच्या उन्हाने पुन्हा पिळणे या क्रियेनेच टोकाचे बी जमिनीत मळसूत्राप्रमाणे शिरत जाते. ज्या भूमीत पाऊस बेभरवशाचा, तेथे बियाण्याने आपली पेरणी आपणच करून घ्यावी ही तजवीज विलक्षणच म्हटली पाहिजे.

मोरगाव वाटेतच लागते. चार कोपऱ्यांवरील मनोऱ्यांमुळे दुरून मशिदीचा भास व्हावा असे हे मयूरेश्वराचे देऊळ, आणि गणपतीसमोर उंदराबरोबर नंदीही बसलेला. दर्शन लवकर आटोपून कऱ्हा नदीच्या अंगाने बारामतीचा सुमारे पस्तीस किलोमीटरांचा रस्ता धरावा, कारण ऊन चढल्यावर तेथे सावलीचा आधार थोडा. पन्हाळ्यास १७२९ साली जन्मलेले मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस राहिले आणि १७९४ साली येथेच निवर्तले. कऱ्हेकाठची देवळे आणि जुना वाडा पाहण्यास एक सायंकाळ पुरते. नव्या बारामतीचे रुंद रस्ते पाहण्याची हौस असल्यास तीही भागवावी, मला ती नाही.

बारामती ते इंदापूर हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर. भवानीनगर, सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या गावांवरून जाणारा हा तुकोबांच्या पालखीचा मार्ग. बेलवाडीस आषाढवारीत अश्वांचे रिंगण होते. आता तो मोठा राजमार्ग झाला असल्याने वाहने वेगाने जातात, म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या बाजूच्या गावरस्त्यांनी जाणे अधिक सुखाचे. १८७६-७७च्या दुष्काळानंतर दुष्काळनिवारणाच्या हेतूने आखलेला हा कालवा भाटघर धरणाच्या पाण्यावर चालतो. कालव्याच्या एका अंगास हिरवा ऊस आणि दुसऱ्या अंगास कोरडा माळ असा देखावा कित्येक ठिकाणी दिसतो. ती सीमा पाहिली म्हणजे या तालुक्यांचा निम्मा इतिहास न वाचता कळतो. कालव्यात पोहण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण अस्तर केलेल्या काठाला हात धरावयास काही नसते. रस्त्याच्या उत्तरेस कडबनवाडीचे माळरान आहे. तेथे आणि शिर्सुफळास वनखात्याची माळरान सफारी चालते. तिची आगाऊ नोंदणी करावी.

खबरदारीच्या गोष्टी येथेच सांगून टाकतो. बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो आणि पंक्चर काढून झाल्यावरही आत राहून दुसरे करतो. म्हणून ट्यूब बदलण्यापूर्वी टायरच्या आतून बोट हलकेच फिरवून काटा चिमट्याने उपटावा, आणि दोन ट्यूबा, ठिगळे, सोल्युशन व पंप बरोबर असावेच. गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रात्री मागच्या दिव्याविना चालतात. सबब सूर्यास्तानंतर सायकल हाकू नये. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे या मार्गावर पाठीचा. तथापि चिकण मातीत चाके रुतून बसतात, म्हणून भाद्रपदाच्या अखेरीपासून माघापर्यंतचा काळ उत्तम.

इंदापुरास मालोजीराजे भोसले यांची गढी आहे; ते येथील लढाईत कामास आले. दिवस हाताशी असल्यास नीरा-भीमेच्या संगमावरील नरसिंहपूर करावे, विंचूरकरांनी बांधलेले तेथील लक्ष्मीनृसिंहाचे देवालय आणि घाट पाहण्यासारखे आहेत. नंतर वायव्येस वळावे. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्यात पळसदेवचे जुने गाव बुडाले आणि पळसनाथाचे पुरातन मंदिर जलाशय आटला म्हणजे उन्हाळ्यात उघडे पडते. पाणी भरलेले असताना कळसच काय तो दिसतो, तेव्हा गावकऱ्यांना विचारूनच वाट वाकडी करावी. कुंभारगावच्या होड्यांतून रोहित पक्षी पाहावेत, आणि नावाड्यास थव्यात शिरण्याचा आग्रह करू नये, अधिक पैसे देऊन तर मुळीच नाही. भिगवणच्या खानावळीत उजनीची मासळी उत्तम मिळते. परतीची गाडी तेथूनच धरावयाची असल्यास सायकल नोंदविण्याची चौकशी जेवणाआधी करावी.