इशाऱ्याची भाषा : हिमस्खलन आणि पारिभाषिक संज्ञा

मागील घटकात आपण व्यवहारातील शब्द आणि पारिभाषिक संज्ञा यांतील भेद पाहिला. हा भेद ध्यानात न आल्यास परीक्षेत दोन गुण जातात, एवढेच आपणांस वाटत असेल. तो जिवावरही बेतू शकतो, हे या पाठात हिमस्खलनाच्या इशाऱ्याच्या उदाहरणाने पाहावयाचे आहे. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून अनेकजण उत्तराखंड व हिमाचल प्रदेशात ट्रेकला जातात. आपणही कदाचित त्यांपैकी असाल.

प्रथम 'बर्फ' हाच शब्द घ्या. तो फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ आकाशातून पडणारे हिम. गोठलेल्या पाण्यास तेथे 'यख' असा स्वतंत्र शब्द आहे. मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर मात्र 'बर्फ' म्हणताच लादी येते : कठीण आणि एकजिनसी. पर्वताच्या उतारावरील हिम तसे नसते. ते थराथरांचे असते. प्रत्येक हिमवृष्टी, वारा आणि ऊन त्यात आपापली खूण ठेवून जातात. या थरांच्या समुच्चयास आपण 'हिमसंचय' म्हणू.

हिमसंचय पातळ आणि हवा अतिशीत असेल, तर जमिनीलगतचे हिम तुलनेने उबदार राहते. तेथील बाष्प वर सरकते आणि तळाचे कण टोकदार, परस्परांना न चिकटणाऱ्या स्फटिकांत बदलतात. ते हाती घेतल्यास दाणेदार साखरेसारखे ओघळतात. त्यांवर वाऱ्याने दाबून बसवलेला नवा थर आला, की वर फळी आणि खाली साखर अशी रचना होते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर माणसाचे पाऊल पडले, तर खालचा थर खचतो, भेग क्षणार्धात दूरवर पसरते आणि वरची फळी सुटते. कधी आधी 'धप्प' असा आवाज येतो किंवा पायापासून चीर धावते. कधी काहीच कळत नाही. आपल्याकडे दरड माणसावर कोसळते. गिर्यारोहकांच्या अपघातांत मात्र बहुतेक वेळा हिम सुटण्यास तो स्वतः किंवा त्याचा सोबतीच कारण झालेला असतो.

आता इशाऱ्याकडे वळू. १९९३ साली युरोपातील देशांनी धोक्याची पाच पातळ्यांची समान श्रेणी स्वीकारली. तिची इंग्रजी नावे 'लो', 'मॉडरेट', 'कन्सिडरेबल', 'हाय' आणि 'व्हेरी हाय' अशी आहेत. अडचण तिसऱ्या पातळीची आहे. पाचांतील तीन म्हणजे मधला, असे आपले मन चटकन ठरवते. व्याख्या वेगळेच सांगते. दुसऱ्या पातळीवर तीव्र उतारावरील हिम सुटण्यास बहुधा मोठा भार लागतो, उदाहरणार्थ एकत्र चालणारा गट. तिसऱ्या पातळीवर एकट्या माणसाचे वजनही पुरेसे ठरू शकते. या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनाच्या बळींपैकी सुमारे निम्मे तिसऱ्या पातळीच्या दिवशी गेलेले आढळतात. चौथ्या-पाचव्या पातळीला लोक घरी थांबतात, तिसरीला निघतात.

'कन्सिडरेबल'साठी 'लक्षणीय' हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण मराठीत 'लक्षणीय' प्रगती असते, 'लक्षणीय' प्रतिसाद असतो. त्या शब्दाला कौतुकाचा वास आहे. माझ्या मते येथे 'मोठा' हा साधा शब्दच प्रामाणिक ठरेल. काश्मीरविषयीच्या इशाऱ्यांत 'मीडियम डेंजर' असा प्रयोग येतो. त्याचे 'मध्यम' केले, की ही दुसरी पातळी की तिसरी, हे शब्दावरून उमगत नाही आणि वाचक निश्चिंत होतो. म्हणून संज्ञेसोबत पातळीचा आकडा, समुद्रसपाटीपासूनची उंची आणि इशाऱ्याची मुदत पाहावी. व्याख्येविना संज्ञा वाचणे म्हणजे नकाशा प्रमाणाविना वाचणे होय.

स्वाध्याय : 'पुढील २४ तासांत २८०० मीटरच्या वर मध्यम धोका संभवतो' हे वाक्य, प्रथमच हिमालयात निघालेल्या आपल्या शेजाऱ्यास समजेल अशा रीतीने चार वाक्यांत लिहा. धोका तिसऱ्या पातळीचा आहे असे समजा. 'मध्यम' हा शब्द वापरू नका.